पिल्लू म्हणजे बियाणेच

शेतीमालाचा भाव पडला की उपदेशाला ऊत येतो. कापूस पडला, शेळ्या पाळा. ज्वारीला गिऱ्हाईक नाही, कोंबड्या पाळा. संकरित गाई झाल्या, ससे झाले, इमू झाले. आता बदकांची पाळी आली आहे. बाजारात पन्नास-शंभर अंड्यांच्या उबवणी पेट्या मिळू लागल्या आहेत. पेटी घ्या, बदकाची अंडी घाला आणि अठ्ठावीस दिवसांनी पिल्ले मोजा, इतके सोपे गणित सांगणारी माणसे कुठेही भेटतात.

जोडधंद्याचा उपदेश करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हा : मुख्य धंदा तोट्यात का आहे? कापसाचा उत्पादनखर्च भरून येत नाही म्हणून शेतकऱ्याने अंडी विकून तो भरून काढायचा असेल, तर ते बदक शेतकऱ्याला पोसत नाही, कापूस स्वस्तात उचलणाऱ्याला पोसते. बदक हे भावाच्या प्रश्नाचे उत्तर नाही, एवढे आधी पक्के करून ठेवू.

तरीही हा लेख बदकाच्या अंड्यांवरच आहे. त्या पेटीत एक गोष्ट अशी आहे की जी कपाशीवाल्याच्या हातून केव्हाच निसटली आणि बदकवाल्याच्या हातात अजून शाबूत आहे. ती गोष्ट म्हणजे बियाणे.

बदकाचा मुलूख कोणता?

रायगड जिल्ह्यातले पेण आणि रोहा हे तालुके आपल्यापैकी अनेकांनी मुंबई-गोवा रस्त्याने जाताना पाहिले असतील. पेण माहीत गणपतीच्या मूर्तींसाठी, रोहा माहीत धाटावच्या रासायनिक कारखान्यांसाठी. पण मुलूख मुळात भाताचा. आपल्याकडे सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस झाला तर साल बरे गेले म्हणतात, तिथे तीन हजारांच्या आसपास पडतो. पेणच्या खारेपाटात खाडीचे पाणी बांध घालून अडवलेले, त्या बांधाआड भाताचे एक पीक. बांधाला खांड गेली की खारे पाणी शेतात. रोह्याच्या बाजूला भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सुटलेले पाणी कुंडलिकेला येते आणि कालव्याखाली काही भागात उन्हाळी भातही होते. गावाला तळे, शेताला खाचर, कापणीनंतर जमिनीवर सांडलेला दाणा, बांधाला गोगलगायी आणि किडे. बदकाला आणखी काय पाहिजे?

केरळात कुट्टनाडच्या भातशेतीत कापणी झाली की बदकांचे कळप फिरवतात, सांडलेल्या दाण्यावर ती पोसली जातात. जपानात ताकाओ फुरुनो नावाच्या शेतकऱ्याने १९८८ पासून भाताच्या उभ्या पिकात बदके सोडून तण आणि किडी यांचा बंदोबस्त केला. या दोन्ही ठिकाणी बदकाच्या खाण्याचा मोठा भाग शेतच देते. म्हणून तिथे हिशेब बसतो. पेण-रोह्याच्या शेतकऱ्याने बदकाचा विचार केला तर तो वेडेपणा म्हणता येणार नाही. त्यालाही एक पथ्य आहे : खाडीचे खारे पाणी बदकाच्या पिल्लाला पाजून चालत नाही, गोडे पाणीच लागते. आणि खारेपाटातल्या बायांची उन्हाळ्यातली पिण्याच्या पाण्याची ओढ तर वर्षानुवर्षे गाजलेली आहे.

आता हेच बदक यवतमाळच्या किंवा परभणीच्या काळ्या जमिनीत आणून सोडा. शेततळ्यात प्लास्टिक अंथरलेले, त्यात ना गोगलगाय ना शेवाळ. कापसाच्या पऱ्हाटीत बदकाला चरायला काही नाही. म्हणजे प्रत्येक घास विकतचा. खाकी कॅम्पबेल जातीचे बदक वीस आठवड्यांचे होईपर्यंत सुमारे साडेबारा किलो खाद्य खाते आणि पुढे रोज १२० ग्रॅम किंवा त्याहून जास्त.

घरचेच घालू म्हणाल, तर आपल्या घरात दोन गोष्टी असतात : पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी आणि सरकीची पेंड. दोन्ही बदकाला धोक्याच्या. बुरशीचे विष बदकाच्या पिल्लाला जितके बाधते तितके फार थोड्या जनावरांना बाधत असेल. १९६० साली इंग्लंडात टर्की कोंबड्या आणि बदकांची पिल्ले मोठ्या संख्येने मेली, ती बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने. अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध त्याच प्रकरणातून लागला. सरकीत गॉसिपॉल असते. गाईम्हशी ते बऱ्यापैकी पचवतात, पाखरांना ते जड जाते आणि अंड्याचा बलक काळपट-हिरवट होतो. स्वच्छ, कोरडी ज्वारी बदकाला चालते. पण स्वच्छ ज्वारी पिकवायला काय खर्च येतो ते आपल्याला कोणी सांगायला नको.

तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्याने बदकाच्या मागे लागू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

पेटी काय करते?

पण पेटी वेगळी आणि बदक वेगळे. पेटीचे काम समजून घेण्यासारखे आहे.

बदकाचे अंडे २८ दिवसांत उबते. मस्कोव्ही जातीला ३५ दिवस लागतात, कोंबडीला २१. आपल्याकडे पूर्वीपासून बदकाची अंडी खुडूक गावठी कोंबडीखालीच ठेवतात, कारण भरपूर अंडी देणारी बदके स्वतः उबवायला फारशी बसत नाहीत. एका कोंबडीखाली आठ-दहा अंडी मावतात. पेटीत पन्नास किंवा शंभर मावतात, आणि पेटीला कोंबडी खुडूक होण्याची वाट पाहावी लागत नाही. फरक एवढाच.

बाकी कोंबडी जे करते तेच पेटीने करायचे. पंख्याच्या पेटीत ऊब साडेसदतीस अंश सेल्सियस, म्हणजे साडेनव्व्याण्णव फॅरनहाइट. अंडी दिवसातून निदान चार वेळा फिरवायची, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडावर अंडे पाहायचे. लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे, नुसते स्वच्छ दिसले तर पोकळ आहे, बाहेर काढा. पंचविसाव्या दिवशी फिरवणे बंद करायचे आणि पेटीतला दमटपणा वाढवायचा.

या दमटपणातच खरी मेख आहे. उबताना अंड्यातले पाणी कवचातून उडते आणि वजन घटते. पंचविसाव्या दिवसापर्यंत साधारण १३ टक्के घट व्हावी लागते. दहा अंडी घालताना ७०० ग्रॅम भरली असतील तर तेव्हा ती ६१०च्या जवळपास भरली पाहिजेत. रोह्याला आषाढात हवाच पाण्याने जड असते. वजन उतरत नाही, आत हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेले पिल्लू कवचातच गुदमरते. अकोल्याला फाल्गुनात उलटे. हवा कोरडी ठणठणीत, पाणी फार उडते, पिल्लू वाळलेल्या पापुद्र्यात अडकून मरते. पेटी एकच, कागद एकच, पण कोकणात पाणी कमी ठेवावे लागते आणि वऱ्हाडात जास्त. पेटीबरोबर येणाऱ्या छापील कागदापेक्षा घरातला तराजू जास्त खरे बोलतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. पेटीतला थर्मोस्टॅट दिवा बंद करू शकतो, खोली थंड करू शकत नाही. विदर्भात वैशाखात पारा ४५ वर जातो. तेव्हा दिवा बंद असला तरी अंडी शिजायला लागतात. अंडे थोडा वेळ गार पडले तर बहुधा वाचते, तापले तर वाचत नाही. आपल्या भागात पेटी चालवायची ती दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. जो विक्रेता ही गोष्ट सांगत नाही त्याला पेटी विकायची आहे, पिल्ले काढायची नाहीत.

शंभर अंड्यांचा हिशेब

उपदेश करणारा शंभर अंड्यांची शंभर पिल्ले धरतो. आपण शेतकऱ्यासारखा हिशेब मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, आपापल्या अनुभवाने बदलावेत.

शंभर अंडी घातली. सातव्या दिवशी १५ पोकळ निघाली. उरलेल्या ८५ मधून ६० पिल्ले बाहेर आली. ही वाईट गोष्ट नव्हे, नव्या माणसाला इतकी निघाली तर त्याने समाधान मानावे. साठातले निम्मे नर. अंडी देणाऱ्या माद्या ३०. लहानपणी दोन दगावल्या, राहिल्या २८. म्हणजे शंभर अंड्यांची किंमत या २८ माद्यांवर पडली, साठांवरही नाही आणि शंभरांवर तर नाहीच. नर मांसाला जातील, पण तोवर तेही खातीलच.

पंचवीस दिवस रोज चार वेळा अंडी फिरवणे म्हणजे शंभर वेळा पेटीपाशी जाणे. ते काम घरातली बाई करते आणि हिशेबात ते कोणी धरीत नाही. विजेचे बिल धरा. पिल्लांना पहिले दोन-तीन आठवडे ऊब द्यावी लागते, ती धरा. २८ माद्यांना पहिल्या अंड्यापर्यंत साडेबारा किलोप्रमाणे ३५० किलो खाद्य धरा. पेटी लावल्यापासून पहिले अंडे हातात यायला जवळपास सहा महिने जातात. या सहा महिन्यांत आवक शून्य.

मग अंडे आले, ते विकायचे कोणाला? पेणहून मुंबई सत्तर-ऐंशी किलोमीटर. तिथे बदकाचे अंडे आवडीने खाणारी केरळी, बंगाली, आसामी कुटुंबे आहेत. यवतमाळच्या बाजारात बदकाच्या अंड्याची टोपली घेऊन बसलेल्या बाईला संध्याकाळी ती टोपली परत घरी न्यावी लागेल.

इमूचे काय झाले ते दहा-पंधरा वर्षांतच विसरायला नको. इमूच्या मांसाला बाजार नव्हता. बाजार होता फक्त इमूच्या पिल्लाला, आणि ते घेणारा होता पुढचा शेतकरी. शेवटच्या शेतकऱ्याच्या गळ्यात पक्षी आले तेव्हा खेळ संपला. पिल्ले विकून पैसा मिळेल असे कोणी सांगितले तर एकच प्रश्न विचारावा : या पिल्लाचे शेवटी खाणारे तोंड कोणते?

सरळ वाण आणि संकरित

इथपर्यंत सगळे बदकाच्या विरोधात गेले. आता त्याच्या बाजूचे.

आपल्या आजोबांच्या काळी कपाशीचे बी सरकीतूनच राखले जाई. १९७० साली एच-४ हा संकरित वाण आला आणि बियाणे दरसाल विकत घेण्याची सवय लागली. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तीही आपल्याकडे संकरित वाणांतून आली. उत्पादन वाढले हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. तंत्रज्ञान शेतकऱ्याला हवेच आहे. पण पाकिटाची किंमत ठरवायला शेतकरी तिथे नसतो, हेही तितकेच खरे आहे. ज्वारीचे तसे नाही. मालदांडीचे कणीस निवडून बी राखता येते. म्हणून ज्वारीच्या बियाण्यासाठी आपल्याला कोणाच्या दारात रांग लावावी लागली नाही.

कोंबडीचेही असेच दोन भाग पडले आहेत. ब्रॉयलर आणि व्यापारी लेअर हे पाखरांतले संकरित वाण. त्यांचे आजे-पणजे मोठ्या पैदास कंपन्यांच्या ताब्यात. दुकानातले पांढरे अंडे पेटीत घालून २१ दिवस ऊब दिली तरी त्यातून काही निघत नाही, कारण त्या कळपात कोंबडाच नसतो. कोंबडा ठेवला तरी पुढची पिढी आईबापासारखी उतरत नाही.

बदक आणि गावठी कोंबडी मात्र सरळ वाण आहेत. खाकी कॅम्पबेल ही जात इंग्लंडात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी वेगवेगळ्या बदकांच्या संकरातून तयार केली. वर्षाला २८० ते ३०० अंडी देण्याची तिची ख्याती आहे आणि तिच्या अंड्यातून खाकी कॅम्पबेलच निघते. एकदा चांगला कळप मिळाला, पाच-सहा माद्यांना एक नर ठेवला, दोन वर्षांनी नर दुसऱ्या गावच्या कळपातला आणला, की बियाण्यासाठी कोणाकडे जावे लागत नाही.

घरच्या पेटीचे मोल इथे आहे. पेटी पैसे छापत नाही. बियाणे शेतकऱ्याच्या घरात राहते, एवढेच ती करते. आणि तेवढे पुष्कळ आहे.

पिल्लू कोणाचे, भाव त्याचा

याच रायगड जिल्ह्यात ब्रॉयलरच्या कंत्राटी शेडही आहेत. कंत्राटी पद्धत सर्वत्र सारखीच : पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेड शेतकऱ्याची, वीज-पाणी शेतकऱ्याचे, रात्रीचे जागरण शेतकऱ्याचे. पक्षी वाढला की कंपनी उचलते आणि किलोमागे ठरलेली वाढवणावळ देते. भाव पडला तर धोका कंपनीचा, म्हणून शेतकऱ्याला काळजी नाही, असे सांगतात. त्यात तथ्य आहे. पण भाव चढला तर नफाही कंपनीचा. आणि पुढची पिल्ले केव्हा टाकायची, टाकायची की नाही, हे कंपनी ठरवते. शेड रिकामी राहिली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

पेणशेजारच्या अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाने १९३३ ते १९३९ असा शेतकऱ्यांचा संप नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चालवला. तो खोतांविरुद्ध होता. जमीन खोताची, घाम कुळाचा, धान्य खोताच्या कोठारात. कंत्राटी शेड आणि खोती या गोष्टी एक नव्हेत. कंत्राट शेतकरी स्वतः सही करून घेतो आणि नको तेव्हा सोडू शकतो. पण सोडण्याची ताकद कागदावर असून भागत नाही. दुसरीकडून पिल्लू मिळत असेल तरच ती खरी. गावात एक जरी चालती पेटी असेल तर कंपनीशी बोलताना शेतकऱ्याचा आवाज बदलतो.

पेटी गिरणीसारखी चालवा

मग प्रत्येकाने पेटी घ्यावी का? नाही. गावात प्रत्येक घरी पिठाची गिरणी असते का? एकाकडे गिरणी असते, बाकीचे दळण घेऊन जातात आणि दळणावळ देतात. गिरणीवाला धान्याचा मालक होत नाही. जोंधळा माझा, पीठ माझे, त्याला मिळते ती मजुरी.

पेटीही तशीच चालावी. ज्याच्या घरी वीज बरी आहे आणि ज्या बाईचा हात हिशेबी आहे तिने शंभर-दोनशे अंड्यांची पेटी ठेवावी. बाकीच्यांनी आपली अंडी खूण करून द्यावीत. अंडे आठवड्यापेक्षा शिळे नसावे, धुतलेले नसावे. अंड्यामागे ठरलेली उबवणावळ द्यावी, पिल्ले निघाली की आपापली न्यावीत. सातव्या दिवशी पोकळ अंडी मालकासमोर काढावीत म्हणजे संशयाला जागा राहात नाही. पेण-रोह्याने अशा पेटीत बदक घालावे, आपण गावठी कोंबडी घालावी. वेळ आणि दमटपणा बदलतो, तत्त्व तेच.

यात एक पथ्य कडक पाळावे. बदके आणि कोंबड्या एकत्र ठेवू नयेत आणि अनोळखी कळपाची अंडी पेटीत घेऊ नयेत. बर्ड फ्लूचा विषाणू बदकाच्या अंगात लक्षण न दाखवता राहू शकतो. २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात हा रोग आला तेव्हा शेड रिकाम्या झाल्या आणि महाराष्ट्रभर अंड्याचा भाव कोसळला. एका पेटीतली हयगय साऱ्या तालुक्याला भोवते.

अनुदान नको, वीज द्या

सरकार काय करते? २०२१ साली सुधारलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनाला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त २५ लाख रुपये अनुदान ठेवले. पण त्यासाठी निदान एक हजार पक्ष्यांचा पैदास कळप आणि उबवणी केंद्र हवे. शंभर अंड्यांच्या पेटीवालीला त्या दरवाजातून आत शिरता येत नाही. याचे दुःख करू नये. अनुदानाच्या पेट्या आल्या की पाठोपाठ पेट्यांचे ठेकेदार येतात, आणि वर्षभरात त्याच पेट्यांत चुली पेटवायचे सरपण ठेवलेले दिसते.

मागणी करायची ती विजेची. पेटीला २८ दिवस वीज लागते आणि ती सलग लागते. तास-दोन तास गेली तर घोंगडी टाकून, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून निभावते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा जिल्ह्यातल्या कित्येक गावांना दिवसचे दिवस वीज नव्हती. ते वादळ होते, त्याला कोणाचा इलाज नाही. पण रोजच्या भारनियमनाला वादळ लागत नाही. कारखान्याची वीज गेली तर मंत्रालयापर्यंत ओरड होते. आमच्या मायबहिणींच्या पेटीतली शंभर अंडी गार पडली तर त्याची नोंद कोणत्या वहीत होते?

अंड्याचा पैसा हा शेतकऱ्याच्या घरातला एकच पैसा असा आहे की जो अडत्याच्या पट्टीतून कापून येत नाही आणि सोसायटीच्या कर्जात वळता होत नाही. तो बाईच्या हातात पडतो आणि मुलाच्या वहीला, औषधाच्या बाटलीला लागतो. म्हणून तो लहान असला तरी हिशेबात घ्यायचा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे आणावेत : गावात गावठी कोंबड्या किती घरी आहेत, त्यातल्या किती घरी कोंबडा आहे, आणि गेल्या महिन्यात रात्री किती तास वीज नव्हती. पेटी घ्यायची की नाही ते या तीन आकड्यांवरून ठरेल, विक्रेत्याच्या चोपडीवरून ठरणार नाही.